शेवाळलेल्या चारीचं मॉडेल कसं करायचं: वाकलेल्या उंचीपासून कॅलिब्रेशनपर्यंत

चारीत शेवाळ दिसलं की मॅनिंगचा एन (चारीचा खडबडीतपणा पाण्याला किती अडवतो ते सांगणारा आकडा) ०.०२५ वरून ०.०३५ करायचा आणि पुढे जायचं, ही सवय आपल्याकडे इतकी मुरली आहे की तिच्याबद्दल कुणी प्रश्नही विचारत नाही. अहवालात पाणी टेलपर्यंत, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकापर्यंत, पोचलेलं असतं. प्रत्यक्षात हेडच्या (सुरुवातीच्या) बाजूला पाणी बांधावरून सांडतं, आणि टेलचा शेतकरी आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) संपेपर्यंत मोटारसायकलवरून गेटपर्यंत चकरा मारत राहतो. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. त्यावरच्या लघुवितरिकांवर (कालव्याच्या लहान शाखांवर), अंबड-घनसावंगीपासून पाथरीपर्यंत, रब्बीच्या आवर्तनात विद्यार्थ्यांना घेऊन मोजणी करताना ही तफावत मी वारंवार पाहिली आहे. चूक गणितात क्वचितच असते. कामाचा क्रम उलटा असतो: आधी सॉफ्टवेअर उघडलं जातं, मग एन निवडला जातो, आणि वनस्पती मोजायची राहूनच जाते.

खालचा क्रम स्थापत्यचे विद्यार्थी, शाखा अभियंते आणि पाणी वापर संस्थांसाठी काम करणाऱ्यांसाठी आहे. सोबत लागणारी साधनं साधी आहेत: ऑटो लेव्हल (पातळी मोजायचं यंत्र), स्टाफ (त्याच्यासोबतची आकड्यांची पट्टी), करंट मीटर (पाण्याचा वेग मोजणारं), अर्धा मीटर बाजूची लोखंडी सळईची चौकट, दोरी, आणि तळाला थाळी लावलेली एक काठी. काठीचं काम पुढे सविस्तर येईल.

पायरी १. वनस्पती कोणत्या गटात मोडते ते ठरवा

गावात सगळ्यालाच शेवाळ म्हणतात. मॉडेलसाठी मात्र तीन गट वेगळे करावे लागतात. हायड्रिलासारख्या वनस्पती गाळात मूळ धरून पूर्ण पाण्याखाली राहतात आणि प्रवाहात वाकतात. पाणकणीस, लव्हाळा, बेशरम यांचे शेंडे पाण्याबाहेर असतात. जलपर्णी तरंगते. हा लेख पहिल्या गटापुरता आहे. उरलेल्या दोन गटांना इथलं सूत्र लावलं तर उत्तर चुकेल.

रब्बीतच हायड्रिला का माजते, हे लक्षात ठेवलं तर मोजणीची वेळ आपोआप ठरते. धरणात गाळ बसून गेल्यावर कालव्यात नितळ पाणी येतं आणि ऊन थेट तळापर्यंत पोचतं. दोन आवर्तनांच्या मधल्या कोरड्या दिवसांत वरचा भाग वाळला, तरी गाळातले कंद जिवंत राहतात आणि पुढच्या पाण्याला पुन्हा फुटतात.

> तपासणी: पाण्याच्या पृष्ठभागावर हायड्रिलाची चटई तयार झाली आहे का? झाली असेल तर ती वनस्पती आता बुडालेली राहिलेली नाही. तो तुकडा या मोजणीतून वगळा.

पायरी २. तुकडा निवडा

३०० ते ५०० मीटरचा सरळ तुकडा घ्या. त्यात गेट, धबधबा (तळाची बांधीव पायरी), पाईप मोरी किंवा उघडं विमोचक (शेताकडे पाणी काढून देणारं तोंड) नको. असलंच तर मोजणीपुरतं बंद ठेवायला पाटकऱ्याशी आणि त्या शेतकऱ्याशी आधी बोला. माणसं सहकार्य करतात, पण त्यांची पाळी सुरू असताना ऐनवेळी सांगितलं तर करणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

लांबीचा आग्रह का, तर उतारासाठी. आपल्या लघुवितरिकांत २५०० ला १ असा उतार सहज असतो, म्हणजे किलोमीटरला ४० सेंटिमीटर. २०० मीटरच्या तुकड्यात पाणी जेमतेम ८ सेंटिमीटर उतरतं. तिथे लेव्हल १ सेंटिमीटरने चुकली की उतार साडेबारा टक्क्यांनी चुकतो आणि एन सहा टक्क्यांनी. ४०० मीटरवर हीच चूक निम्मी होते.

पायरी ३. पाणी सुटण्याआधीची मोजणी

कोरड्या चारीत दर २५ ते ५० मीटरवर काटछेद (चारीचा आडवा छेद) घ्या. काळ्या मातीत बाजू ढासळतात, तेव्हा नकाशावरचा दीडास एक उतार जागेवर असेलच असं धरू नका. गाळ वेगळा नोंदवा. वनस्पतींच्या मुळांत गाळ अडकून तळ वर आलेला असतो आणि टोकदार स्टाफ त्यात खुपसला जातो. थाळी लावलेली काठी गाळावर टेकते. दोन्ही वाचनं घेतली की गाळाची जाडी मिळते.

प्रत्येक काटछेदावर तीन ठिकाणी चौकट टाका: मध्ये, डावीकडे, उजवीकडे. आतल्या फांद्या मोजा, दहा-बारा फांद्यांची रुंदी पानांसकट मोजून सरासरी काढा. आपल्याला हवी असते घनता, म्हणजे एक घनमीटर जागेत प्रवाहाला सामोरं येणारं वनस्पतीचं क्षेत्रफळ. कोरड्या चारीतला हा आकडा कच्चाच असतो. त्याच्यावर दोन दिवस घालवू नका. कारण पायरी ६ मध्ये दिसेल.

सावधान: कोरड्या चारीत वनस्पतीची उंची मोजून ती मॉडेलमध्ये घालू नका. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. माझ्या हातून ती एकदा झाली आहे. डबक्यात उभी असलेली हायड्रिला आम्ही ५५ सेंटिमीटर मोजली होती. पाणी चालू झाल्यावर तीच २५ वर वाकलेली होती, आणि तोवर सगळं गणित ५५ वर उभं राहिलं होतं.

पायरी ४. वाहत्या पाण्यात वाकलेली उंची मोजा

सबंध कामातली ही सर्वांत मोलाची पायरी, तिला पूर्ण दिवस द्या.

गेट उघडल्यावर लगेच मोजायला धावू नका. गेजवरचं वाचन तासभर हललं नाही, की प्रवाह स्थिर झाला असं समजा. मग पादचारी पुलावरून किंवा चारीवर आडव्या टाकलेल्या फळीवरून थाळीची काठी हळूच खाली सोडा. पाणी नितळ असेल तर थाळी वनस्पतीच्या माथ्याला टेकताना दिसते. गढूळ असेल तर बोटांना कळतं: आधी मऊ अडथळा लागतो, थोडा दाब दिला की तो खाली जातो. पहिला स्पर्श जिथे झाला ते वाचन घ्या, दाबल्यानंतरचं नको. नंतर काठी तळापर्यंत न्या आणि दुसरं वाचन घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे वाकलेली उंची.

एका जागी दोन मिनिटं थांबून बघा. मालदांडी ज्वारीच्या रानावरून वारा गेला की पिकावरून लाट पळते, तशीच लाट हायड्रिलाच्या माथ्यावरून प्रवाहाच्या दिशेने सरकताना दिसते. वरचं पाणी वेगात, फांद्यांमधलं पाणी संथ. या दोन थरांच्या सीमेवर भोवरे तयार होतात आणि तेच माथा खाली-वर करतात. वरच्या पाण्याचा जोर खाली जिरतो तो याच पट्ट्यात. मोजणीच्या दृष्टीने अर्थ एवढाच की एका क्षणाचं वाचन पुरेसं नाही. प्रत्येक बिंदूवर दहा वाचनं घ्या, सरासरी काढा, सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान वाचनही लिहून ठेवा.

जोर वाढला की वनस्पती आणखी वाकते, त्यामुळे ही उंची त्या विसर्गापुरतीच (दर सेकंदाला वाहणाऱ्या तेवढ्या पाण्यापुरतीच) खरी असते. किमान दोन वेगळ्या विसर्गांना मोजा. आवर्तन लांबलं तर सुरुवातीला आणि शेवटीही मोजा, कारण मधल्या काळात वाढ झालेली असते.

सावधान: वाहत्या चारीत उतरू नका. शेवाळलेल्या बाजूवर पाय धरत नाही आणि पाण्याखालच्या फांद्या पायाला गुंडाळतात. काठावर कायम दोन माणसं, एकाच्या हातात दोरी. वितरिकेवर किंवा मुख्य कालव्यावर लाइफ जॅकेटशिवाय फळीवर पाऊल टाकायचं नाही.

पायरी ५. विसर्ग आणि पाण्याचा उतार, एकाच वेळी

विसर्ग मोजताना आपण सवयीने करंट मीटर वरून सहा-दशांश खोलीवर धरतो. स्वच्छ चारीत तिथला वेग सरासरीच्या जवळ असतो, म्हणून ते चालतं. वनस्पती असतील तर वेगाचा आलेखच बदलतो: तळाकडे जवळजवळ सपाट, माथ्याशी अचानक वळण, आणि वर झपाट्याने वाढ. सहा-दशांश खोलीचा बिंदू नेमका त्या वळणाजवळ पडू शकतो. दोन-दशांश आणि आठ-दशांशची सरासरीही उपयोगाची नाही, कारण आठ-दशांशचा बिंदू बहुतेक वेळा फांद्यांच्या आत असतो.

म्हणून प्रत्येक उभ्या रेषेवर दर १० सेंटिमीटरला वेग घ्या. माथ्याच्या वर-खाली १० सेंटिमीटरच्या पट्ट्यात दर ५ सेंटिमीटरला घ्या. चार मीटर रुंदीच्या चारीला सात-आठ उभ्या रेषा पुरतात. वेळ लागतो, पण याला दुसरा मार्ग नाही. दर वाचनानंतर मीटर वर काढून पंखा फिरवून पाहा. हायड्रिलाचा एक तंतू अडकला तरी वाचन कमी येतं आणि वहीत ते खरंच वाटतं.

तरंगता लाकडाचा तुकडा सोडून पृष्ठवेग मोजणारे त्याला ०.८५ ने गुणतात. इथे ते करू नका. खालचा थर संथ असल्याने सरासरी वेग पृष्ठवेगाच्या त्याहून बराच कमी भाग असतो.

हे चालू असताना तुकड्याच्या दोन्ही टोकांना पाण्याची पातळी एकाच मिनिटाला वाचली पाहिजे. दोन माणसं, दोन मोजपट्ट्या, फोनवर वेळ जुळवलेली. उतार पाण्याचा घ्यायचा, तळाचा नाही. वनस्पतींमुळे पाणी तुंबलेलं असतं तेव्हा हे दोन उतार सारखे राहत नाहीत.

> तपासणी: दोन्ही टोकांवरचा विसर्ग मोजा. फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर कुठेतरी विमोचक उघडं आहे, बांध झिरपतो आहे, किंवा मीटर अडकला होता. कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

पायरी ६. सॉफ्टवेअरच्या आधी एक्सेल

बुडालेल्या वनस्पतींसाठी मी २००७ मध्ये बाप्टिस्ट आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं सूत्र वापरतो. त्याची रचना डोळ्यांनी दिसणाऱ्या दोन थरांसारखीच आहे: फांद्यांमधलं संथ पाणी आणि माथ्यावरचं वेगवान पाणी. शेझीचा सी (पाणी किती सहज वाहतं ते सांगणारा आकडा, जास्त सी म्हणजे कमी अडथळा) दोन भागांच्या बेरजेतून मिळतो.

पहिला भाग = १ ÷ √(१/तळाच्या सीचा वर्ग + रोध गुणांक × घनता × वाकलेली उंची ÷ १९.६२)

दुसरा भाग = ७.६४ × नैसर्गिक लॉग (पाण्याची खोली ÷ वाकलेली उंची)

रोध गुणांक म्हणजे फांद्या प्रवाहाला किती अडवतात ते सांगणारा आकडा. सी मिळाला की खोलीचा १/६ घात भागिले सी म्हणजे मॅनिंगचा एन.

एक उदाहरण पूर्ण करू. तळरुंदी १.५ मीटर, बाजू दीडास एक, उतार २५०० ला १, खोली ०.८ मीटर, स्वच्छ तळाचा एन ०.०२५. स्वच्छ असताना या चारीतून १.०८ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे सुमारे ३८ क्युसेक (घनफूट प्रति सेकंद) जातात. आता ३० सेंटिमीटर वाकलेली उंची, घनता ३ प्रतिमीटर आणि रोध गुणांक १ घ्या. तळाचा सी ३८.५. पहिला भाग ४.६, दुसरा ७.५, सी १२.१, आणि एन ०.०७९. हा एन सगळ्या काटछेदाला लावला तर त्याच खोलीला विसर्ग उरतो १२ क्युसेक. आपण हिशेबात धरत होतो ०.०३५.

फांद्यांमधला वेग सेकंदाला ८ सेंटिमीटर येतो, माथ्यावरचा सरासरी वेग ३० च्या आसपास. पायरी ५ मधल्या वाचनांशी हे आकडे ताडून पाहा. पहिली खरी परीक्षा इथेच होते.

आता फक्त खोली बदला, वनस्पती तीच ठेवा:

- खोली ०.५ मीटर: एन ०.१०४
- खोली ०.८ मीटर: एन ०.०७९
- खोली १.१ मीटर: एन ०.०७०

म्हणून एन हा वनस्पतीला चिकटवून ठेवायचा आकडा नाही. पाणी माथ्याच्या किती वर आहे त्यावर तो ठरतो. ०.८ मीटरचा एन अर्ध्या मीटरला वापरला तर विसर्ग ३.७ ऐवजी ४.९ क्युसेक दिसतो, जवळपास एक तृतीयांशाने जास्त. टेलकडे पाणी उथळ असतं, आणि नेमकं तिथेच मॉडेल जास्त पाणी दाखवतं.

कोणत्या मोजणीला किती वेळ द्यायचा हेही इथूनच कळतं. खोली ०.८ ठेवून घनता दीडपट केली तर सी १२.१ वरून ११.३ होतो, निम्मी केली तर १४. उंची मात्र १० सेंटिमीटरने वाढवून ४० केली की सी थेट ९.३, कमी करून २० केली की १६ च्या वर. फांद्या मोजण्यातली पन्नास टक्के चूक परवडते. उंचीतली १० सेंटिमीटरची चूक परवडत नाही.

सावधान: हे सूत्र उभ्या पट्टीसाठी आहे. अरुंद चारीत काटछेद पट्ट्यांमध्ये विभागा, प्रत्येक पट्टीची खोली आणि तिथली वाकलेली उंची घेऊन विसर्ग काढा, मग बेरीज करा. वर मी एकच एन सगळीकडे लावला तो फक्त आकड्यांचा अंदाज यावा म्हणून. बाजूंवर पाणी उथळ असून वनस्पती पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचली असेल तर दुसरा भाग शून्य होतो आणि पहिल्या भागात उंचीच्या जागी खोली येते. लॉगमधून ऋण आकडा आला, तर हीच अट पाळायची राहिली आहे.

पायरी ७. आता सॉफ्टवेअर

एकमितीय (फक्त प्रवाहाच्या दिशेने बघणाऱ्या) कामाला हेक-रास हे सॉफ्टवेअर पुरतं आणि ते फुकट मिळतं. त्यात काटछेदाच्या खिडकीत एन उंचीनुसार बदलण्याची सोय आहे, आणि अस्थिर प्रवाहासाठी हंगामानुसार एन बदलण्याचीही. एक्सेलमधला खोली-एन तक्ता तिथे भरा. इथे हमखास होणारी चूक अशी की खोलीचे आकडे भरले जातात, तर सॉफ्टवेअरला हवी असते समुद्रसपाटीपासूनची किंवा तुमच्या बेंचमार्कपासूनची पातळी. प्रत्येक काटछेदाचा तळ वेगळा, म्हणून तक्ताही वेगळा. एकच तक्ता सगळीकडे चिकटवला तर खालच्या काटछेदांना चुकीचा एन लागतो आणि कसलाही इशारा येत नाही.

द्विमितीय किंवा त्रिमितीय काम करायचं असेल तर डेल्फ्ट-थ्रीडी या सॉफ्टवेअरमध्ये बाप्टिस्टचं सूत्र आतच आहे. तिथे उंची, घनता आणि रोध थेट भरता येतात. लघुवितरिकेसाठी मात्र मी एवढ्या लांब जाणार नाही.

खालच्या टोकाची अट विचारपूर्वक द्या. सवयीने तिथे सामान्य खोली (उतार आणि एन यांवरून निघणारी, पुढे काही अडथळा नाही असं धरणारी) दिली जाते. पुढे शेवाळाने तुंबलेली पाईप मोरी असेल तर पाणी मागे फुगतं, आणि तो फुगवटा तुम्ही एनच्या नावावर जमा करता. तुकड्याच्या खाली धबधबा असेल तर तिथे क्रांतिक खोली (धबधब्याच्या कडेशी पाणी जी खोली धरतं ती) द्या, नसेल तर मोजलेली पातळी.

पायरी ८. कॅलिब्रेशन: एका विसर्गाला जुळवा, दुसऱ्याला तपासा

हायड्रिलासारख्या पानाळ वनस्पतीत रोध गुणांक आणि घनता वेगळे करता येत नाहीत. दोन्हींचा गुणाकार हा एकच आकडा समजा आणि फक्त तोच हलवा. उंची मोजलेली आहे, उतार मोजलेला आहे, त्यांना हात लावायचा नाही.

पहिल्या विसर्गाला पाण्याची पातळी दोन-तीन सेंटिमीटरच्या आत जुळली की थांबा. मग गुणाकार तसाच ठेवून, फक्त दुसऱ्या विसर्गाची मोजलेली वाकलेली उंची घालून मॉडेल चालवा. पातळी पाच सेंटिमीटरच्या आत आली तर मॉडेल वापरण्याजोगं आहे. नाही आली तर आधी उंचीची वाचनं पाहा, मग लेव्हलची बंद त्रुटी (मोजत परत सुरुवातीच्या बिंदूवर आल्यावर उरलेला फरक), मग खालच्या टोकाची अट. या क्रमाने शोधलं की दोष लवकर सापडतो.

प्रत्येक काटछेदाचा एन वेगवेगळा हलवून पातळी तंतोतंत बसवणारे खूप आहेत. ती रेघ कागदावर सुंदर दिसते, पण पुढच्या आवर्तनाला कामाला येत नाही.

> तपासणी: पातळी जुळली तरी वेग जुळतो का? मॉडेलचा सरासरी वेग आणि मीटरचा सरासरी वेग शेजारी लिहा. पातळी बरोबर आणि वेग चुकीचा असेल तर काटछेदात गाळ मोजायचा राहिला आहे.

पायरी ९. कापणीचा प्रश्न मॉडेलला विचारा

पाणी वापर संस्थेला एन नको असतो. मजुरी मोजकी असते आणि त्यांना विचारायचं असतं की कुठे कापू. मॉडेलमध्ये दोन पर्याय चालवा: मधोमध सलग मोकळा पट्टा, आणि तेवढंच क्षेत्र तुकड्यातुकड्यांनी कापलेलं. सलग पट्टा जवळजवळ नेहमीच सरस ठरतो, कारण मोकळं पाणी आणि वनस्पती यांच्यातली सीमा जितकी लांब, तितका जोर जास्त जिरतो. विखुरलेल्या ठिगळांत ही सीमा वाढते. एकमितीय मॉडेलला ठिगळं दिसत नाहीत, तेव्हा ही तुलना करताना काटछेद ठिगळांच्या सुरुवातीला आणि शेवटी हवेतच.

कापलेली हायड्रिला चारीत सोडू नका. ती पुढच्या मोरीच्या तोंडाशी बसते आणि तुटलेल्या तुकड्यांतूनही पुन्हा मूळ धरते. काठावर, पाणी पोचणार नाही अशा अंतरावर टाका. पुढचं आवर्तन सुटलं की त्याच काटछेदांवर थाळीची काठी घेऊन परत जा. उरलेल्या पट्ट्यांतली वनस्पती आता वेगळ्या वेगाला वेगळी वाकलेली असेल, आणि मॉडेलला तीच नवी उंची द्यायची आहे.